दोराहा आणि सतराशे सालचा डाव

इतिहासाकडे परत जाण्याच्या वाटा अनेक आहेत. कोणी सरदेसायांच्या रियासतीचे खंड पुन्हा उघडतो, कोणी सवड मिळताच गडकिल्ल्यांची यात्रा करतो, कोणी घरातल्या जुन्या दप्तरातील मोडी कागद सोडवीत बसतो. सेवानिवृत्तीनंतर यांपैकी पहिल्या वाटेने आम्ही थोडेफार चाललो आहोतच; परंतु गेल्या दोन वर्षांत ज्या वाटेने आम्हांला सर्वांत अधिक विचार करावयास लावले, ती या पत्रिकेच्या वाचकांना किंचित पोरकट वाटण्याचा संभव आहे. ती वाट म्हणजे संगणकावरील एक जुना युद्धखेळ.

खेळाचे नाव ‘एम्पायर : टोटल वॉर’. इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेने तो तयार केला आणि सेगा कंपनीने मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध केला. संगणकाच्या जगात इतक्या वर्षांचा खेळ म्हणजे आपल्याकडील पेशवेकालीन वाडाच. आमच्या चिरंजीवांनी तो महाविद्यालयात असताना घेतला होता. त्या वेळी आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीवर होतो, आणि सुट्टीत भोपाळला आलो की रात्री उशिरापर्यंत तो पाहत, पुढे खेळतही असू. मग बदल्या, बढत्या, निवडणुकांची कामे यांत तो मागे पडला. निवृत्तीनंतर कपाटातील सामान आवरताना त्याची तबकडी हाती लागली आणि आम्ही पुन्हा सतराशे सालात जाऊन पोहोचलो.

सतराशे साल म्हणण्याचे कारण असे की, हा खेळ त्याच वर्षी सुरू होतो आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस संपतो. वर्षाला दोन पाळ्या, म्हणजे शतकाच्या सुमारे दोनशे पाळ्या. खेळणाऱ्याने एक सत्ता निवडावयाची, तिचा कर, तिची फौज, तिचे प्रधानमंडळ, तिचे तह सांभाळावयाचे. आणि युद्धाचा प्रसंग आला की रणांगणावर उतरून पलटणी हलवावयाच्या. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया, तुर्की यांच्या पंक्तीला तेथे मराठ्यांचेही पान मांडलेले आहे. हिंदुस्थानातून निवडता येणारी सत्ता तेवढी एकच. प्रथम हे पाहिले तेव्हा आमची छाती फुगली होती, हे सांगावयास संकोच कसला! परदेशी कारागिरांनी प्रशियाच्या शेजारी मराठ्यांना बसवावे, हे आमच्या पिढीला नवलाचेच होते.

या पुनरागमनात एक नवी गोष्ट आमच्या हाती आली. तिला तरुण मंडळी ‘मॉड’ म्हणतात. मूळ खेळात चाहत्यांनी आपल्या हौसेने केलेले फेरफार, असा तिचा सरळ अर्थ. आपल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. पोथीची नक्कल करणारा लेखक मधेच चार ओव्या घालीत असे, समासात टीप लिहीत असे. कालांतराने ती टीपच ओवीत मिसळून जाई, आणि मग मूळ कोणते व क्षेपक कोणते हे ठरविण्यात विद्वानांची हयात जाई. संगणकाच्या खेळांतही हुबेहूब असेच घडते. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या खेळावर हौशी मंडळींनी रचलेला असाच एक फेरफार पुढे २०१३ साली ‘द फरगॉटन’ या नावाने कंपनीनेच अधिकृत करून घेतला, आणि त्या खेळात हिंदी लोकांचा प्रवेश झाला तो त्या क्षेपकातून. आमच्या खेळावरचा सर्वांत गाजलेला फेरफार ‘डार्थमॉड’. त्याचा कर्ता निक थोमाडिस हा पुढे स्वतःच युद्धखेळ रचणारा व्यावसायिक झाला. त्याच्या फेरफाराने पलटणी मोठ्या झाल्या, संगणकाच्या हातची फौज थोडी शहाणी झाली. दुसऱ्या कोणी वर्षाच्या दोन पाळ्यांच्या चार केल्या. तिसऱ्या कोणी मूळ खेळात निवडता न येणाऱ्या सत्ता खुल्या केल्या, त्यामुळे आता मोगलांच्या बाजूनेही डाव मांडता येतो. यात जादू काही नाही. डावाची आरंभस्थिती एका फाइलीत साठविलेली असते. तिच्यात प्रत्येक सत्तेच्या नावापुढे ती खेळणाऱ्यास द्यावी की न द्यावी अशी नोंद असते. ती नोंद बदलली की झाले. फाइलीतल्या एका शेऱ्याने राज्ये मिळतात आणि जातात, हे सचिवालयात आयुष्य काढलेल्या माणसास निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. खेळ सुरू करताच पडद्यावर ‘मराठा कॉन्फेडरसी’, म्हणजे मराठा राज्यसंघ, असे नाव झळकते. हे नाव १७०० सालचे नव्हे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले. एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला. ताराबाई आपल्या लहान मुलाच्या नावाने राज्य चालवीत होत्या. आणि शाहू महाराज १६८९ पासून मोगल छावणीत कैदेत होते. शिंदे, होळकर, पवार, भोसले, गायकवाड यांचा जो संघ पुढे प्रसिद्धीस आला, त्याचा तेव्हा मागमूसही नव्हता. निजामाचे राज्यही १७२४ नंतरचे. खेळाच्या कर्त्यांनी शतकाच्या उत्तरार्धातील चित्र शतकाच्या पहिल्या पानावर चिकटविले आहे. एवढ्याने आम्ही त्यांना दोष देत नाही; नाटककार आणि बखरकार यांनी याहून मोठ्या उड्या मारल्या आहेत. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने.

या खेळात राज्य म्हणजे रंग. माळवा हा एक प्रांत. तो मोगलांकडे असला तर एका रंगाचा, आपण घेतला की दुसऱ्या रंगाचा. मधली अवस्था नाही. प्रांताची राजधानी पाडली की सगळा प्रांत एका पाळीत आपला होतो, कर आपल्या खजिन्यात येऊ लागतो, आणि पुढच्या प्रांताकडे कूच करावयाचे. संगणकाच्या हाती मराठे सोपविले तरी ते पुष्कळदा मोगलांना समूळ नष्ट करून सारा हिंदुस्थान एकरंगी करून टाकतात. आमच्या नातवाला हे दृश्य फार आवडले. त्याने नकाशावर बोट ठेवून आम्हांस विचारले, “आजोबा, म्हणजे आपण भोपाळ जिंकलं होतं?”

नातू हिंदीत शिकतो, मराठी घरात बोलतो. त्याचा हा प्रश्न भोपाळात राहणाऱ्या कोणत्याही मराठी घरातल्या मुलाचा असू शकतो. ‘हो’ म्हणून मोकळे होणे सोपे होते. खेळाला एकाक्षरी उत्तर पुरते. पण त्या प्रश्नाचे खरे उत्तर आपल्या शहरापासून थोड्याच अंतरावर, वायव्येस, सीहोर जिल्ह्यातल्या दोराहा या गावी पडलेले आहे, आणि ते एका अक्षराचे नाही.

दोराहा म्हणजे दोन वाटा फुटतात ती जागा. सरकारी जीपमधून त्या रस्त्याने आम्ही किती वेळा गेलो असू याची गणती नाही. मराठ्यांच्या इतिहासात हे गाव तीन वेळा येते.

पहिल्यांदा १७०७ साली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा आजमशहा दिल्लीच्या गादीसाठी उत्तरेस निघाला, तेव्हा शाहू महाराज त्याच्या छावणीत होते. मे महिन्यात छावणी दोराह्याजवळ असताना शाहू महाराज सुटले आणि दक्षिणेस परतले. पुढच्या शतकाचे मराठी राज्य, पेशवाई, माळव्यातली ठाणी, आणि आपल्यातील कित्येक घराण्यांचे उत्तरेत येणे, हे सारे त्या सुटकेच्या पोटात होते. खेळात ही घटना घडण्याची सोयच नाही, कारण तेथे कैदेतला राजपुत्र हा प्रकार मुळी नाही.

दुसऱ्यांदा १७३८ साली. हा प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे. मार्च १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावाने थेट दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारली. घाबरलेल्या बादशहाने निजामुल्मुल्कास दक्षिणेतून बोलावून घेतले आणि मराठ्यांना नर्मदेपार हाकलण्याची कामगिरी त्याच्यावर सोपविली. मोठा तोफखाना, राजपूत व बुंदेले यांची साथ, असा सरंजाम घेऊन निजाम डिसेंबरमध्ये भोपाळला पोहोचला. बाजीराव नर्मदा ओलांडून आला. त्याची फौज सुमारे ऐंशी हजार होती असा आकडा इतिहासग्रंथांत येतो. निजामाने शहराचा व तलावाचा आश्रय घेऊन तळ दिला. मोठ्या तलावाकाठी फतेहगढाच्या बाजूस फिरावयास जाणाऱ्या आपल्या मंडळींनी क्षणभर थांबून ती जागा डोळ्यांपुढे आणावी.

येथे बाजीरावाने जे केले ते खेळातल्या कोणत्याही चालीत बसत नाही. निजामाच्या तोफांवर चालून जाण्याचे त्याने कटाक्षाने टाळले. चारी बाजूंनी रस्ते रोखले, वैरण आणि धान्य तोडले. दक्षिणेतून निजामाच्या मुलाची, नासिरजंगाची, कुमक येऊ नये म्हणून तापीवर चिमाजी आप्पा उभा होता. थोड्याच दिवसांत निजामाच्या छावणीत धान्य रुपयाला शेर झाले आणि जनावरे झाडपाल्यावर आली. तोफखान्यासह बाहेर पडण्याचा त्याने प्रयत्न केला, पण त्या अवजड गाड्यांबरोबर दिवसाला कोस-दीड कोसाच्या पुढे सरकणे होईना. अखेर जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याच्या मुक्कामी त्याने तह केला. माळवा द्यावा, नर्मदा व चंबळ यांमधील मुलखाचे स्वामित्व मान्य करावे, त्यासाठी बादशाही सनदा मिळवून द्याव्यात, आणि खर्चाबद्दल पन्नास लाख रुपये मिळवून देण्याचा यत्न करावा, अशी कलमे होती.

आता आमच्या खेळाकडे पाहा. १७३७ साल म्हणजे सुमारे चौऱ्याहत्तर पाळ्यांनंतरचा काळ. तोवर फौजा कुठल्या कुठे गेलेल्या असतात, पण एकाही शिपायाने भाकरी खाल्लेली नसते. या खेळात फौजेला पगार लागतो, धान्य लागत नाही. ती शत्रूच्या मुलखात दहा वर्षे उभी राहिली तरी उपाशी मरत नाही. (याच संस्थेने पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, नेपोलियनवरचा खेळ काढला, त्यात थंडी-उन्हाने फौज झिजण्याची सोय केली. रशियाचा हिमाळा त्यांना आठवला. बाजीरावाची वैरणबंदी आठवण्याचे कारण नव्हते.) ज्या युद्धपद्धतीवर मराठ्यांचे अर्धे शतक उभे होते तिचा पायाच काढून घेतल्यावर उरतात त्या हत्ती, तोफा आणि तलवारी. म्हणजे खेळातले मराठे हे वेश बदललेले प्रशियनच होत. कितीही मॉड घाला, पलटणींची नावे शुद्ध करा, झेंडे दुरुस्त करा; धान्याचा हिशेब मूळ यंत्रात नाही, तो बाहेरून चिकटविता येत नाही.

दुसरी गोष्ट सनदेची. तह झाला तरी माळवा त्या दिवशी मराठ्यांच्या रंगाचा झाला नाही. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, १७४० च्या एप्रिलमध्ये बाजीराव रावेरखेडीस वारला, आणि माळव्याचा बादशाही कागद नानासाहेब पेशव्याला मिळाला तो १७४१ साली. तोही कसा? सुभेदारी नावापुरती शहजाद्याकडे, आणि पेशवा त्याचा नायब. प्रत्यक्ष सत्ता एकाची, पाटी दुसऱ्याची. शासकीय सेवेत ज्यांनी ‘प्रभारी’ म्हणून वर्षानुवर्षे काढली आहेत त्यांना या व्यवस्थेतील मर्म तत्काळ कळेल. ज्या बादशाहीला खेळात समूळ बुडवावयाचे असते, तिच्याच शिक्क्यासाठी मराठे तीन वर्षे थांबले. पुढे १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीत सर्वाधिकार मिळविले, तेव्हाही बादशहा तख्तावरच होता आणि वकील-इ-मुतलक हे पद पेशव्याच्या नावाने घेतले गेले.

आणि वसुली? आमचा जन्म महसुलाच्या कागदांत गेला, म्हणून खेळात कराची कळ सापडली तेव्हा मोठ्या उत्सुकतेने पाहिली. तेथे दोन सरकपट्ट्या आहेत, एक खालच्या वर्गासाठी व एक वरच्या. शिवाय एखाद्या प्रांतास करमाफी देता येते. कर हलका ठेवला तर गावे भरभराटतात, ही गोष्ट मात्र खेळकर्त्यांना चांगली उमगली आहे. पण चौथाई कोठे आहे? एकाच गावचा सारा मोगल अंमलदार घेतो, त्यावर चौथा हिस्सा मराठा कमाविसदार मागतो, वर शेकडा दहा सरदेशमुखी. त्या चौथाईचीही पुन्हा वाटणी : शेकडा पंचवीस राजबाबती, सहा सहोत्रा, तीन नाडगौडा, आणि उरलेला सहासष्टचा मोकासा सरदारांकडे. एका शेतावर इतके हक्क एकावर एक रचलेले. या रचनेला रंग कोणता द्यावा? आमच्या मते अठराव्या शतकातील माळव्याचा नकाशा रंगवावयाचा झाल्यास तो हातमागाच्या लुगड्यासारखा, उभ्या-आडव्या धाग्यांचा काढावा लागेल. आपल्यातील जी घराणी पेशवाईत उत्तरेत आली, त्यांचे मूळ पुरुष बहुतेक या धाग्यांचे हिशेब ठेवणारेच होते. कोणी कारकून, कोणी फडणीस, कोणी कमाविसदार. तलवार त्यांच्याही घरी असेल, पण पोट चालविले ते लेखणीने.

तिसऱ्यांदा दोराहा येते १८१८ साली. भोपाळच्या नवाबांनी अठराव्या शतकाच्या मध्यास बराच मुलूख पेशव्यांना सोडून दिला होता. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी भोपाळशी तह केला आणि आष्टा, इछावर, सीहोर, दोराहा व देवीपुरा हे पाच परगणे, जे पेशवाईतील सरदाराकडे होते, ते नवाबाच्या पदरात घातले. ज्या गावी निजामाने माळवा लिहून दिला, ते गाव ऐंशी वर्षांनी असे भोपाळकडे गेले.

त्याआधी, १८१२-१३ मध्ये, भोपाळला आणखी एक मराठी वेढा पडला होता, आणि तो आपल्या घरांतून क्वचितच सांगितला जातो. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची आणि नागपूरच्या भोसल्यांची फौज एकत्र होऊन कित्येक महिने या शहराभोवती बसली. वजीर मुहम्मद खानाने मूठभर माणसांनिशी शहर झुंजविले. बायकाही तटावर उभ्या राहिल्या. नागपूरच्या फौजेचा सेनापती होता सादिक अली. अखेर वेढा उठला, शहर पडले नाही. आमचा खेळ प्रत्येक प्रांतात कोणत्या धर्माचे किती लोक याचे वर्तुळ काढून दाखवितो, आणि राजाचा धर्म निराळा असला की असंतोष वाढल्याचे सांगतो. त्या वर्तुळाने भोसल्यांच्या सादिक अलीचा उलगडा कसा व्हावा? निजामाच्या छावणीत उपाशी राहिलेल्या राजपुतांचा तरी कसा व्हावा? नातवाला आम्ही प्रथम हीच दोन नावे सांगितली. वर्तुळाकडे बघत तो थोडा वेळ गप्प राहिला.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर देताना पुढची गोष्टही सांगावी लागली. १८१२ मध्ये ज्या दोन शहरांतून फौजा आल्या, त्याच दोन शहरांतून १ नोव्हेंबर १९५६ नंतर पुन्हा माणसे भोपाळला आली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि उरलेल्या महाकोशलाला मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ जोडून नवे राज्य झाले. नागपूरच्या सचिवालयातले, ग्वाल्हेर-इंदूरच्या कचेऱ्यांतले मराठी कर्मचारी वळकट्या, पितळी डबे आणि फायलींचे गठ्ठे घेऊन नवाबांच्या शहरात उतरले. त्यांत आमचे वडील होते. या खेपेस वेढा नव्हता, बदलीचे हुकूम होते, आणि शहराने दारे उघडी ठेवली होती. नवाबकालीन इमारतींत मेजे मांडली गेली, घरे मिळेपर्यंत तीन-तीन कुटुंबे एकत्र राहिली, आणि गणपतीच्या मंडपासाठी शेजारच्या मुसलमान ठेकेदाराने बांबू दिल्याच्या आठवणी घरोघर आहेत. भोपाळ आपण जिंकले का, याचे उत्तर आम्ही नातवास असे दिले : दोनदा वेढले, एकदा तह मिळविला, एकदा हात हलवीत परतलो, आणि तिसऱ्या वेळी राहावयास आलो.

इतके सांगूनही खेळ आम्ही सोडलेला नाही. उलट आता त्यात आमचे स्वतःचे क्षेपक घातले आहे. यंत्राला हात न लावता वहीत नियम लिहिले आहेत. बुद्धिबळात जसे घरोघरचे नियम असत तसेच हे. शत्रूच्या प्रांतात फौज दोन पाळ्यांहून अधिक ठेवावयाची नाही, कारण धान्य संपले. तह करताना प्रांत मागावयाचा नाही, रक्कम मागावयाची. मोगलांची शेवटची राजधानी कधीही घ्यावयाची नाही. आलेल्या रकमेचे शेकडा सहासष्ट सरदारांचे समजून तेवढे पैसे खर्चास काढावयाचे नाहीत. असे खेळले की डाव विलक्षण अवघड होतो. आज आमच्या डावात १७२८ सालची हिवाळी पाळी चालू आहे. खऱ्या इतिहासात त्या वर्षाच्या आरंभी पालखेडला निजामाची कोंडी झाली होती आणि नोव्हेंबरात चिमाजी आप्पाने अमझेऱ्यास माळव्याच्या सुभेदाराला बुडविले होते. आमच्या नकाशावर मात्र नर्मदेच्या उत्तरेस एकही प्रांत आपल्या रंगाचा नाही, खजिना रिकामा आहे आणि दोन पलटणींचा पगार थकला आहे. बाजीराव ब्रह्मेंद्रस्वामींना आपल्या कर्जाविषयी इतक्या कळवळून का लिहीत असे, ते पोथीतून जितके कळले नव्हते तितके आता कळते.

नातवाला हे नियम कंटाळवाणे वाटतात. त्याने स्वतःचा निराळा डाव मांडला आहे, तो मोगलांच्या बाजूने. काल तो विचारीत होता की मराठ्यांची रसद कोणत्या घाटाने येते.